काळ्या पडद्यावरून ई-पत्र कसे धाडावे

ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावयास घेतला तो प्रथम सांगतो. लाखनी तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीला नोकरीसाठीचा अर्ज ईमेलने पाठवावयाचा होता. मुदतीचा शेवटचा दिवस, पावसाळा, वीज आणि मोबाईलचे नेटवर्क दोन्ही येत-जात होते. तिने अर्ज, गुणपत्रिका व दाखले जोडले आणि 'पाठवा' हे बटण दाबले. पत्र पडद्यावरून नाहीसे झाले. नाहीसे झाले म्हणजे गेले, असा तिचा समज झाला आणि तिच्या जागी मी असतो तर माझाही तोच झाला असता. चार दिवसांनी ते पत्र फोनच्या 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात जसेच्या तसे सापडले. मी तिच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो. तेथील लिपिकाने शांतपणे विचारले, "पाठविल्याचा दाखला आहे का?" मी स्वतः बँकेत लिपिक. जावक नोंदवहीत क्रमांक टाकल्याशिवाय एक पाकीटही टेबलावरून हलू न देणारा. पण त्या प्रश्नाला आम्हा दोघांजवळही उत्तर नव्हते.

तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळत होती. कागदी टपालाला जावक नोंदवही आहे, रजिस्टरची पावती होती. मग ई-पत्राला अशी नोंदवही असेल काय? शोधता शोधता कळले की ती आहे आणि पहिल्यापासून आहे. मोबाईलच्या रंगीत पडद्याने ती आपल्यापासून झाकून ठेवली आहे इतकेच. ती पाहावयाची तर संगणकाच्या काळ्या पडद्याकडे, म्हणजे जेथे बटणे व चित्रे नसतात आणि केवळ आज्ञा टंकावी लागते अशा जागी जावे लागते. मी कला शाखेचा पदवीधर आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तेव्हा मला जे जमले ते आपल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना नक्कीच जमेल, या भरवशावर हा पाठ लिहितो.

काळा पडदा आपल्याकडे नवा नाही. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर बँकांच्या शाखांत हळूहळू यंत्रे आली. त्यांतील कितीतरी यंत्रे युनिक्स या प्रणालीवर, निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर चालत. आमच्या शाखेतील जुनी मंडळी अजूनही माउसपेक्षा कळफलकावर अधिक वेगाने काम करतात ती त्यामुळेच. भारतातील ई-पत्राचा आरंभही याच पडद्यावर झाला. १९८६-८७ च्या सुमारास 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याची उभारणी सुरू झाली, तेव्हा मुंबईत जुहू येथील एनसीएसटी ही संस्था आणि पवई येथील आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रांची देवाणघेवाण होऊ लागली. एनसीएसटीचे तेव्हाचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी होते. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्यात विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे जे खाते होते त्यावर चित्रे दिसत नसत. मॉडेमची शिटी वाजली की काळा पडदा उघडे आणि 'पाइन' नावाच्या साध्या प्रोग्रॅमवर पत्रे लिहावी लागत. आपल्या भागापर्यंत हे सर्व पोचावयास वेळ लागला. तोपर्यंत चित्रांचा जमाना आला होता, म्हणून आपली ओळख थेट रंगीत बटणांशीच झाली. मधली पायरी आपण पाहिलीच नाही.

आता ई-पत्र जाते कसे ते पाहू. भंडाऱ्याचा पिनकोड ४४१९०४. हा सहा अंकी क्रमांक देशाला १५ ऑगस्ट १९७२ पासून मिळाला तो डाकतार खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. ते संस्कृतचे नामवंत कवीही होते. पिनकोड पाहणाऱ्या छाटणी कर्मचाऱ्याला गल्ली ठाऊक नसली तरी चालते, पाकीट कोणत्या डाकघराकडे टाकावयाचे एवढे त्याला कळते. ई-पत्राच्या पत्त्यातील @ या चिन्हाच्या उजवीकडचा भाग हेच काम करतो. तो भाग वाचून संगणक इंटरनेटच्या एका सार्वजनिक नोंदीत पाहतो की या नावाची टपाले कोणते यंत्र स्वीकारते. या नोंदीला 'एमएक्स' म्हणतात. डावीकडचा भाग म्हणजे व्यक्तीचे नाव. तो फक्त शेवटच्या डाकघराने वाचावयाचा. आम्ही बँकेत आणि आपले व्यापारी बिलात @ हे चिन्ह 'दराने' या अर्थी वापरतो. अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिले ई-पत्र धाडताना ते उचलले, कारण कोणाच्या नावात ते येत नाही.

पत्र स्वीकारणारे यंत्र आणि देणारे यंत्र यांच्यात जो संवाद होतो त्याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले. त्यास एसएमटीपी म्हणतात. हा संवाद आपल्या खिडकीवरील व्यवहारासारखाच आहे, म्हणून थोडा विस्ताराने देतो. आपला संगणक जोडला जाताच समोरचे यंत्र '२२०' म्हणते, अर्थात खिडकी उघडी आहे. आपला संगणक 'ईएचएलओ' म्हणून नमस्कार करतो व आपले नाव सांगतो; उत्तर येते '२५०', म्हणजे ठीक. मग 'मेल फ्रॉम', पाठविणार अमुक, पुन्हा २५०. मग 'आरसीपीटी टू', घेणार अमुक. येथे तो पत्ता अस्तित्वातच नसेल तर '५५०' असे उत्तर येऊ शकते, नाहीतर २५०. मग आपण 'डेटा' म्हणतो, समोरचा '३५४' म्हणजे 'सांगा, लिहून घेतो' म्हणतो. त्यानंतर सर्व मजकूर जातो आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब दिले की मजकूर संपला. त्या टिंबानंतर येणारे '२५०' हीच आपली पावती होय. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी समोरच्या डाकघराने घेतली. 'क्विट' म्हटले की '२२१', खिडकी बंद. दोनाने सुरू होणारा अंक म्हणजे काम झाले, चाराने सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. पाचाने सुरू होणारा म्हणजे होणार नाही, अर्ज दुरुस्त करा. एवढे तीन लक्षात राहिले तरी निम्मा पाठ झाला. त्या मुलीच्या पत्राला शेवटचे २५० कधी मिळालेच नव्हते आणि फोनने ते ठळकपणे सांगितले नव्हते.

आता प्रत्यक्ष कृती. लिनक्स असलेला कोणताही संगणक चालेल. एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेला, एक जीबी स्मृतीचा, ज्यावर ब्राउझर उघडताच यंत्र गुदमरते असा असला तरी हरकत नाही. काळ्या पडद्याला त्याचे ओझे होत नाही. आपणास 'एमएसएमटीपी' हा प्रोग्रॅम लागेल. तो पत्रे वाचत नाही, साठवत नाही, सजवत नाही. वर सांगितलेला संवाद करून पत्र खिडकीवर देणे एवढे एकच काम तो करतो. जोडपत्रे पाठविण्यासाठी सोबत 'मट' हा दुसरा छोटा प्रोग्रॅम घ्यावा. डेबियन किंवा उबुंटू असल्यास आज्ञा अशी (येथे सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टंकताना इंग्रजी लहान अक्षरे व इंग्रजी अंकच टंकावेत):

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एमएसएमटीपी एमएसएमटीपी-एमटीए मट

यानंतर आपल्या घरच्या फोल्डरमध्ये '.एमएसएमटीपीआरसी' या नावाची मजकूर-फाइल करावी. नावाच्या आरंभीचे टिंब विसरू नये. तीत एकेका ओळीवर पुढील गोष्टी लिहावयाच्या: 'अकाउंट' व खात्याला द्यावयाचे कोणतेही नाव, आपण 'डिफॉल्ट' देऊ, 'होस्ट' व डाकघराच्या यंत्राचे नाव, जीमेल असेल तर एसएमटीपी.जीमेल.कॉम, 'पोर्ट' ५८७, 'टीएलएस ऑन', ज्यामुळे वाटेत कोणाला मजकूर वाचता येत नाही, 'ऑथ ऑन', म्हणजे आपली ओळख पटवून द्यावयाची, 'यूजर' व आपला पत्ता, 'फ्रॉम' व पुन्हा आपला पत्ता, 'पासवर्ड' व परवलीचा शब्द, आणि शेवटी सर्वांत महत्त्वाची ओळ, 'लॉगफाइल' व एका फाइलचे नाव, समजा ~/जावक.लॉग. ही आपली जावक नोंदवही.

परवलीच्या शब्दाबाबत येथे बरेच जण अडतात, मीही दोन दिवस अडलो. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड येथे चालत नाही. गूगलने मे २०२२ अखेर ती सोय बंद केली. खात्यात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून 'ॲप पासवर्ड' नावाचा सोळा अक्षरी वेगळा शब्द काढून घ्यावा लागतो. तो हरवला वा उघडा पडला तर तेवढाच रद्द करता येतो, मूळ पासवर्डला धक्का लागत नाही. हा शब्द फाइलमध्ये उघड लिहिलेला असल्यामुळे ती फाइल दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून लगेच ही आज्ञा द्यावी:

सीएचमॉड ६०० ~/.एमएसएमटीपीआरसी

सहा म्हणजे वाचण्याचे चार आणि लिहिण्याचे दोन मिळून मालकाचा अधिकार. पुढची दोन शून्ये म्हणजे गटाला काही नाही, इतरांना काही नाही. रोकड तिजोरीच्या किल्लीसारखेच हे आहे. पासवर्ड लिहिलेली फाइल याहून सैल ठेवली तर एमएसएमटीपी कामच नाकारतो, आणि ते योग्यच आहे. जेथे एकाच संगणकावर अनेक मुले बसतात तेथे प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असावे, हे निराळे सांगावयास नको.

आता पत्र. कोणत्याही साध्या संपादकात, म्हणजे 'नॅनो' किंवा तत्सम प्रोग्रॅममध्ये 'अर्ज.टीएक्सटी' ही फाइल उघडावी. पहिल्या ओळीवर 'फ्रॉम:' व आपला पत्ता, दुसरीवर 'टू:' व ज्यांना पाठवावयाचे त्यांचा पत्ता, तिसरीवर 'सब्जेक्ट:' व विषय. मग एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी. ही रिकामी ओळ म्हणजे मायना व मजकूर यांच्यामधली रेघ. ती विसरल्यास संगणक मजकुराची पहिली ओळही मायनाच समजतो आणि पत्राचे डोके उडते. त्याखाली हवा तेवढा मजकूर. फाइल जतन करून:

एमएसएमटीपी -टी < अर्ज.टीएक्सटी

'-टी' म्हणजे घेणाऱ्याचे नाव पत्राच्या मायन्यातूनच वाच. '<' हे चिन्ह म्हणजे या फाइलीतला मजकूर आत ओत. एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटले नाही तर घाबरू नये. युनिक्सच्या घराण्यात काम झाले की गप्प बसतात, चूक झाली तरच बोलतात. प्रथमच करणाऱ्याने या आज्ञेत '-व्ही' जोडून पाहावे. मग वर सांगितलेला २२० पासून २२१ पर्यंतचा सगळा संवाद डोळ्यांसमोर उतरतो. मला तो पहिल्यांदा पाहताना फार आनंद झाला हे कबूल करतो. मात्र त्या संवादात पासवर्डही सहज उलगडता येईल अशा रूपात येऊ शकतो, तेव्हा त्याचा फोटो काढून कोणाला पाठवू नये.

जोडपत्रांसाठी मट वापरावा. त्यासाठी मजकुराच्या फाइलीत मायना लिहावयाचा नाही, फक्त मजकूर ठेवावयाचा. आज्ञा:

मट -एस "लिपिक पदासाठी अर्ज" -बी माझा-पत्ता -ए गुणपत्रिका.पीडीएफ दाखला.पीडीएफ -- त्यांचा-पत्ता < मजकूर.टीएक्सटी

'-एस' विषय, '-ए' जोडपत्रे. दोन आडव्या रेघा म्हणजे जोडपत्रांची यादी येथे संपली. त्या विसरल्यास मट बिचारा पुढचा पत्ताही फाइलच समजून शोधत बसतो. '-बी' म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत, तीत स्वतःचा पत्ता घालावा. याचे कारण असे की जावक नोंदवहीत पत्राची नोंद राहते, पत्राची प्रत राहत नाही. कागदी टपालाची कार्बन प्रत आपण नस्तीला लावतो, तसेच हे. जीमेल २५ एमबीपर्यंत पत्र घेते, पण जोडपत्र वाटेत अक्षरांत रूपांतरित होऊन सुमारे एकतृतीयांशाने फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात १८ एमबीच्या पुढे जाऊ नये. गुणपत्रिकेचे मोबाईलवर काढलेले भले मोठे फोटो थेट जोडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता ज्याकरिता एवढा खटाटोप केला ती नोंदवही उघडू:

टेल ~/जावक.लॉग

प्रत्येक पत्राची एक ओळ दिसते. तीत दिनांक व वेळ, कोणत्या डाकघराला दिले, कोणाकडून, कोणाला, पत्राचा आकार किती, डाकघराने काय उत्तर दिले (एसएमटीपी-स्टेटस २५० आणि त्याचे शब्द), आणि शेवटी 'एक्झिटकोड=ईएक्स_ओके'. नेटवर्क गेले असेल तर ओके ऐवजी दुसरा शब्द असतो आणि पत्र गेले नाही हे त्याच मिनिटाला कळते. एमएसएमटीपी न गेलेली पत्रे मागे ठेवून गुपचूप पुन्हा प्रयत्न करीत बसत नाही. काहींना ही उणीव वाटते. मला विचाराल तर मुदतीच्या दिवशी हाच त्याचा मोठा गुण, कारण गेले किंवा नाही या दोनच अवस्था उरतात, 'आउटबॉक्स' ही तिसरी अवस्था नाही.

तथापि एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगावी लागेल. हे २५० आपल्या डाकघराने, म्हणजे जीमेलने वगैरे दिलेले असते. पलीकडच्या कार्यालयाच्या यंत्राने नंतर पत्र नाकारले तर 'मेलर-डीमन' या नावाने पत्र परत येते, तेव्हा तासाभराने आपली पेटी पाहावीच. आणि साहेबांनी पत्र वाचले किंवा नाही हे यातून कळत नाही. रजिस्टरच्या पावतीवरूनही ते कळत नव्हते.

मराठीचा प्रश्न स्वतंत्र आहे. ई-पत्राचे मूळ नियम इंग्रजी अक्षरांपुरते होते. १९९२ साली बोरेनस्टाइन व फ्रीड यांनी 'माइम' नावाचे नियम दिले तेव्हा इतर लिप्या व जोडपत्रे यांची वाट मोकळी झाली. तरी आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे ज्याचा त्याचा फाँट निराळा, म्हणून इकडून 'सविनय' लिहिले तर तिकडे चौकोन आणि कंस दिसत. युनिकोड रुळल्यावर ते संपले. आज 'भंडारा' हा शब्द संगणकाच्या लेखी भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हे. युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा. वाटेत त्यांची चोवीस इंग्रजी अक्षरे होतात व पलीकडे पुन्हा 'भंडारा' उमटतो. हे रूपांतर मट आपणहून करतो, एमएसएमटीपी करीत नाही. सबब विषय वा मजकूर मराठीत असेल तर जोडपत्र नसले तरी मटच वापरावा. काळ्या पडद्यावर जोडाक्षरे व वेलांट्या अनेकदा विस्कटलेल्या दिसतात, पण तो पडद्याचा दोष आहे, पत्राचा नव्हे. मजकूर दुसऱ्या संपादकात लिहून फाइल द्यावी म्हणजे झाले.

हा संवाद कळल्यावर आणखी एक गोष्ट उलगडते आणि बँकेच्या खिडकीवर बसणारा म्हणून ती मला सर्वांत निकडीची वाटते. पत्राच्या वर दिसणारी 'फ्रॉम' ही ओळ आपणच फाइलीत टंकली, आठवते ना? तेथे दुसऱ्या कोणाचे नावही टंकता आले असते. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, त्यातलाच हा प्रकार. 'आपले खाते आज बंद होणार' असे बँकेच्या नावाने आलेले पत्र घेऊन माणसे माझ्यासमोर उभी राहतात, आणि नाव बँकेचेच आहे हो, असे सांगतात. अशा वेळी नाव पाहू नये. जीमेलमध्ये त्या पत्राच्या तीन टिंबांच्या यादीत 'शो ओरिजिनल' म्हणून एक पर्याय संगणकावर मिळतो, तो उघडावा. तेथे 'रिसीव्ह्ड' अशा ओळी असतात, म्हणजे प्रत्येक डाकघराने मारलेला शिक्का. त्या खालून वर वाचावयाच्या. खालचे शिक्के खोटे असू शकतात, सर्वांत वरचा आपल्या डाकघराचा, तो विश्वासाचा. त्याच पानावर 'एसपीएफ' आणि 'डीकिम' यांच्यापुढे 'पास' आहे का ते पाहावे आणि 'पास' कोणत्या नावासाठी मिळाला तेही पाहावे, कारण बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ठकही पास होतात. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ती मुलगी पुढच्या अर्जाच्या वेळी माझ्याकडे आली होती. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, आठ दिवस अगोदर. तिनेच आज्ञा टंकली. दोन रेघा विसरली, मटने तक्रार केली, तिने दुरुस्त केले. मग नोंदवहीतील ती एक ओळ आम्ही छापून घेतली आणि अर्जाच्या प्रतीमागे टाचून ठेवली. वर जावक क्रमांक १ असा मी माझ्या सवयीने टाकला.